पुढच्याच्या टाचा

अंजूरच्या कमळला रस्ते ठाऊक नव्हते, टाचा ठाऊक होत्या. ऐकून हसू येत असेल तर खुशाल हसा. सगळं अंजूर आजवर हसतच आलेलं आहे. पण आधी नीट ऐकून तरी घ्या.

लहानपणी ती आईच्या मागून खाडीवर जायची. बाईमाणसाने वाटेला लागलं की मान खाली घालायची, इकडेतिकडे बघत चालायचं नाही, ही आईची शिकवण. मान खाली घातली की दिसणार काय? पुढच्याच्या टाचा. लग्न झालं आणि आईच्या जागी नवरा आला, एवढाच फरक. केसरीनाथ पुढे, दोन पावलं मागे कमळ. भिवंडीचा बाजार, राहनाळची लग्नं, टेमघरला धाकट्या बहिणीचं घर, सगळीकडे ती जाऊन आली. पण नाक्यावरून कुठे वळायचं असं कोणी विचारलं असतं तर बिचारीला सांगता आलं नसतं. कुठेही पोचलं की उंबऱ्याशीच पहिला प्रश्न यायचा, "कोनासंगती आयलीस गं?" पाण्याचा तांब्या त्याच्यानंतर. बाई एकटी आली असेल हे कोणाच्या मनातही यायचं नाही, आणि कमळच्या तर मुळीच नाही.

लग्नाला वर्षही झालं नसेल तेव्हाची गोष्ट. भिवंडीच्या बाजारात मडकं घ्यायला नवरा-बायको गेली होती. गर्दी अशी की मुंगीला वाट नाही. कमळच्या डोक्यावर नवं मडकं, पदराचं टोक दातात, नजर खाली आणि पुढे नवऱ्याच्या टायरच्या चपला. चपला चालल्या, कमळ चालली. चपला बाजाराबाहेर पडल्या, बांधावर चढल्या, कमळही चढली. आज हे दुसऱ्याच वाटेने का निघाले, असं एकदा तिच्या मनात आलं. पण नवऱ्याला वाटेवर प्रश्न विचारायचे नसतात. शेवटी चपला एका घरापुढे थांबल्या तेव्हा हिने मान वर केली. घर राहनाळचं, आणि चपलांतला माणूस कोण कुठला! त्याची बायको बाहेर आली. डोक्यावर मडकं घेतलेली कोवळी बाई दारात बघून तिने रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोनासंगती आयलीस?" घाबरलेल्या कमळने खरं होतं ते सांगितलं. बोट दाखवून म्हणाली, "यांच्यासंगती."

त्या घरात पुढे काय झालं ते सांगत बसत नाही, ज्याने त्याने समजून घ्यावं. तो भला माणूस हिला घेऊन परत बाजारात आला तेव्हा केसरीनाथ होता तिथेच उभा होता. तो ओरडला नाही. "मडकं शाबूत हाय ना?" एवढंच त्याने विचारलं. पण त्या दिवसापासून केसरीनाथ प्रत्येक वळणावर थांबायचा, मागे तोंड करून उभा राहायचा, आणि कमळ दिसली की मगच पुढे निघायचा. कमळनेही नवऱ्याची पावलं पाठ करून टाकली. लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली सापडलेला त्याचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला फाकायचा, आणि डाव्या टाचेला एक उभी भेग होती, ती पावसाळ्यातसुद्धा बुजत नसे. जत्रेतल्या हजार पायांतून कमळने ती पावलं ओळखली असती. गावात मात्र कमळ बाजाराला निघाली की कोणीतरी ओटीवरून हाळी देणारच, "कमळ, टाचा नीट बग हां!"

असा संसार झाला. मुलगा प्रितेश, मुलगी क्षितिजा. खाडीकडची शेतं हळूहळू गोदामवाल्यांकडे गेली. जिथे भात डोलायचा तिथे पत्र्याच्या लांबलचक शेडी उभ्या राहिल्या, आणि प्रितेश राहनाळच्या एका गोदामात सुपरवायझर झाला. मग एके दिवशी केसरीनाथ दुपारी जेवून ओटीवर आडवा झाला तो उठलाच नाही. त्याच्या चपला दाराशी होत्या, त्या कमळने कोणाला हलवू दिल्या नाहीत. रोज झाडताना ती त्या उचलायची, खालचा केर काढायची आणि पुन्हा तशाच ठेवायची.

दुःख तर होतंच, ते कोणाला चुकलंय? पण कमळपुढे आणखी एक अडचण उभी राहिली, जी सांगायचीही लाज वाटावी. तिच्या पुढे चालणारं आता कोणी उरलं नव्हतं.

त्यातच टेमघरच्या तुळजाला झटका आला. तुळजा म्हणजे कमळची पाठची बहीण. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. तिची सून रुचिका फोन करायची, "मावशी, आई सारख्या दाराकडे बघतात हो. तुम्हालाच हाक मारतात, बाय, बाय करतात. येऊन जा ना." आईमागे कमळनेच तुळजाला कडेवर घेऊन वाढवली होती. कमळ प्रितेशला सांगायची. प्रितेश म्हणायचा, "रविवारी नेतो, आई." रविवारी गोदामात गाडी लागायची. पोरगा वाईट नव्हता, फक्त त्याचा रविवार कधी उजाडत नव्हता.

एकदा मनाचा हिय्या करून कमळ एकटी निघाली. शेअर रिक्षाने भिवंडीला उतरली, एका आगरी बाईच्या टाचा पकडून चालू लागली, की ही टेमघरकडचीच असणार. ती बाई निघाली दवाखान्यात. तिथे बाकड्यावर बसून कमळ रडली तेव्हा कोणीतरी प्रितेशला फोन लावला. तो मोटारसायकलवरून आला, आणि रागापेक्षा घाबरलेलाच जास्त होता. म्हणाला, "आता एकटीने घराबाहेर पडायचं नाही. शप्पथ आहे माझी." शप्पथ! म्हणजे तुळजाचं दार बंदच झालं म्हणायचं.

हे सगळं घडत होतं तेव्हा क्षितिजा ठाण्याच्या एका छोट्या कंपनीत नोकरीला होती. साल दोन हजार आठ. पोरगी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, घराण्यातली पहिलीच. तिची कंपनी तळहातावर मावेल असं एक यंत्र बनवत होती. ते खिशात घालायचं आणि त्याला विचारत विचारत जगात कुठेही जायचं. पुढे मोबाइलमध्येच नकाशे आले आणि अशा यंत्रांचे दिवस सरले, पण तेव्हा ते नवल होतं. एका रात्री जेवताना क्षितिजा कुरकुरली.

"आमच्या भिंतीवर एका माणसाचं चित्र लावलंय, आई. सर्वसाधारण प्रवासी म्हणतात त्याला. त्याला गाडी आहे, टाय आहे, कामाची घाई आहे. एकेक बटण ठरवताना आम्ही त्याला विचारतो, बाबा रे, तुला हे जमेल का?"

"मंग? काय बोलतो तो?"

"सगळ्याला हो म्हणतो."

कमळने तिच्या ताटात भाकरी वाढली. "जो सगल्याला हो बोलतो ना, त्याला कुठं जायाचंच नसल. ज्याला जायाचं असतंय तो कटकट करतोय."

क्षितिजाचा घास हातातच राहिला. घरात एक माणूस आहे ज्याला खरोखर कुठेतरी पोचायचंय आणि पोचता येत नाही, हे तिला रोज दिसत होतं. पण ते आपल्या कामाशी जोडावं हे आजच सुचलं. दुसऱ्या दिवशी तिने मोबाइलवर आईचा फोटो काढला, ओटीवर उभी, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर वैताग. साहेबही मोकळ्या मनाचे निघाले. म्हणाले, लाव भिंतीवर, आपल्या प्रवाशाला सोबत होईल.

हे ऐकून कमळच्या हातातलं सूप खाली पडलं. "मना त्या टायवाल्याच्या बाजूला लावलंस? आगं, आदीच एकदा झालंय तसं! लोक काय बोलतील?"

त्या शनिवारी क्षितिजा यंत्र घेऊन घरी आली. काळं, साबणाच्या वडीएवढं, पुढे काच. मायलेकी अंगणात बसल्या. थोड्या वेळाने काचेवर आकडे उमटले.

"हे बघ. आपण आत्ता पृथ्वीवर नेमके कुठे बसलोय, ते याला कळलं."

"त्याला कोनी सांगितलं?"

क्षितिजाने वर बोट दाखवलं. संध्याकाळ होती, खाडीकडून वारा येत होता, आभाळात एकही चांदणी नव्हती. "वर उपग्रह फिरतायत. दोन डझनांच्या वर आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात."

कमळने पदर सारखा केला. "आनि ते मना बगतात?"

"नाही गं. ते कोणालाच बघत नाहीत. ते नुसते आपल्याजवळची वेळ सांगत राहतात, अष्टौप्रहर. कोणाचा आवाज किती उशिरा आला त्यावरून हे यंत्र ओळखतं, आपण कुठे आहोत ते."

"सगल्यांना सांगतात?"

"सगळ्यांना. अंजूरला, अमेरिकेला, भर समुद्रातल्या होडीलासुद्धा."

कमळ मान वर करून बघत राहिली. आयुष्यात इतका वेळ तिने मान वर केली नव्हती. वर कोणीतरी आहे, ते सगळ्या जगाला साद घालतंय, आणि त्या सादेत अंजूरची एक अडाणी बाईसुद्धा मोजलेली आहे. तू कोण, कोणाची, कोणासंगती आलीस, असं काही विचारत नाही. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने आभाळाला हात जोडले. मग ते यंत्र उचलून ती स्वयंपाकघरात घेऊन गेली, तर आकडे गेले. पुन्हा अंगणात आली, तर आकडे आले. पोरासारखी चार वेळा आतबाहेर करून झाल्यावर ती म्हणाली, "छपराखाली याला आईकू येत न्हाय."

"नाही येत. याला आभाळ लागतं."

आता आश्चर्य वेगळं आणि वाट सापडणं वेगळं. पहिल्या रविवारी क्षितिजाने काचेवर नकाशा दाखवला. वरून दिसणारे रस्ते, आणि मध्ये निळा बाण. कमळने काच उलटी केली, सुलटी केली, पदराचा आडोसा करून उन्हात बघितली. शेवटी म्हणाली, "मी कदी गाव वरून बगितलाय? मी काय घार हाय?"

दुसऱ्या खेपेला क्षितिजाने यंत्राला वाचा दिली. कमळने ते गळ्यात अडकवायला ठाम नकार दिला, कनवटीला खोचलं. मायलेकी शेअर रिक्षात दाटीवाटीने बसल्यावर कमळच्या कमरेतून एक गोड बायकी आवाज आला, "पुढे डावीकडे वळा." रिक्षावाल्याने गपकन ब्रेक मारला. "अरे मावशी, अंदर कौन है?" पुढे भिवंडीत लूमच्या गल्लीत शिरल्यावर मात्र तो आवाज कुठल्या कुठे गेला. दोन्ही अंगांना यंत्रमाग खडखडत होते. तिथे शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, तिथे कमरेतल्या बाईची काय कथा!

म्हणून क्षितिजाने आवाजाच्या जागी थरथर बसवली. वळण आलं की यंत्र कनवटीला थरथरणार. वळण आलं, यंत्र थरथरलं, आणि कमळ "इंचू! इंचू!" करत अशी नाचली की यंत्र उडून गटाराच्या कडेला पडलं. लूमवाले कामगार धावत आले. नशीब काच फुटली नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर कमळ ओटीवर बसून राहिली. रुचिकाचा पुन्हा फोन आला होता. तुळजा आता नीट जेवत नव्हती. क्षितिजा यंत्र पुसत होती. तिलाही रडायला आलं होतं.

"आई, तुला नेमकं काय पाहिजे? मला सांग ना. नकाशा नको, आवाज नको, मग काय करू मी?"

कमळने दाराकडे बघितलं. मग अगदी साधेपणाने म्हणाली, "मना वाट नको दाखवूस. माज्या पुढं कोनतरी चालव."

सकाळी क्षितिजा कामाला गेली आणि दुपारी झाडताना कमळच्या लक्षात आलं, दाराशी नवऱ्याच्या चपला नाहीत. मग त्या घरात जो गहजब झाला तो विचारू नका. गल्लीतल्या कुत्र्याला काठी बसली. प्रितेश घरी आला तो आल्याआल्या बोलणी खाऊन बसला. रात्री क्षितिजा आली, तिनेही निमूटपणे ऐकून घेतलं, पण चपलांबद्दल ब्र काढला नाही. चार दिवसांनी चपला जशा गेल्या तशा दाराशी परत दिसल्या. कमळने त्या पदराने पुसल्या, आणि कुत्र्याला वाटीभर दूध घातलं.

मधले काही रविवार क्षितिजा घरी थांबली नाही. कुठे जातेस म्हटलं तर, "चालायला," म्हणायची. मग एका सकाळी तिने यंत्र आईच्या हातात ठेवलं. "बघ. आता आवडतंय का."

काचेवर नकाशा नव्हता, बाण नव्हता. दोन पावलं होती, मागून दिसणारी. पायात टायरच्या चपला. उजवं पाऊल बाहेर फाकलेलं. डाव्या टाचेला एक उभी रेघ.

कमळ चार पावलं चालली. काचेतली पावलंही चालली; एक उचललं, दुसरं टेकलं, उजवं थोडं ओढत, अगदी तसंच. कमळ थांबली, पावलं थांबली. तिने तोंडावर पदर धरला.

"चपला तू नेल्यास," ती शेवटी म्हणाली.

"हो. तळ एका बाजूने किती झिजलाय त्यावरून चाल काढली. बाकीचं मला आठवत होतं. लहान असताना मी तुझ्या पुढे घुसायचे ना, बाबांच्या मागे." क्षितिजाने आईला खांद्याला धरून वळवलं. "आणि हे बघ, तू चुकलीस तर काय होतं."

तिने आईला उलट दिशेला चालवलं. यंत्र हलकेच थरथरलं आणि काचेत टाचांच्या जागी पायाची बोटं दिसली. तो मागे तोंड करून उभा होता. वाट बघत होता.

"बाई गं," कमळ म्हणाली. तिला हसू आणि रडू एकदम आलं. माणूस जातो म्हणजे सगळाच जातो असं ती धरून चालली होती. आणि इथे तिच्या पोरीने बापाचं चालणं परत आणलं होतं, झिजलेल्या रबरातून आणि आभाळातल्या हाकांतून. देवाने केलं असतं तर तिला नवल वाटलं नसतं. पण ही तर तिच्या पोटची पोर, जिला वरण-भात नीट करता येत नव्हता. "आनि वाट? वाट कशी कलली त्याला?"

"लूमच्या गल्ल्या कुठल्याच नकाशात नाहीत. मग मीच चालले, नाक्यापासून तुळजामावशीच्या दारापर्यंत. मी चालले ते याने लक्षात ठेवलं."

म्हणजे पाय बापाचे आणि चाल लेकीची. कमळने यंत्र कपाळाला लावलं.

प्रितेशची शप्पथ मोडायला प्रितेशच तयार झाला. काचेतली पावलं बघून त्याने स्वतःच यंत्र घेऊन अंगणात चार फेऱ्या मारल्या. अट एवढीच की क्षितिजाने मागून चालायचं. रिक्षा नाक्यावर थांबली. कमळ उतरली, निऱ्या सारख्या केल्या आणि लेकीकडे वळली.

"तू हितंच थांब."

"आई, मी लांबून येते. तुला दिसणारसुद्धा नाही."

"तू मागं आलीस म्हंजे मी परत कोनासंगती तरीच आयले. थांब."

क्षितिजा थांबली. कमळ निघाली. पुढे केसरीनाथ, दोन पावलं मागे कमळ, आणि मध्ये पदराचा आडोसा केलेली काच. लूमचा खडखडाट सुरू झाला, हातगाड्या आल्या, कापडाच्या ताग्यांनी भरलेला टेम्पो अंगावर आला. तिचं कशाकडे लक्ष नव्हतं. एका ठिकाणी ती चुकून सरळ गेली, तशी तळहातात थरथर झाली आणि बोटं समोर आली. "आयले, आयले," ती पुटपुटली, आणि वळली. किती दिवसांनी ती कोणाला असं म्हणाली होती!

मग ती गल्ली आली जिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पत्रे टाकले होते. आत शिरल्यावर काचेतली पावलं आधी अडखळली, मग फिकी झाली, मग नाहीशी झाली. तिथे तीनच शब्द उमटले. कमळ चौथीपर्यंत शिकलेली होती; एकेक अक्षर लावून तिने वाचलं. आकाश दिसत नाही.

ओटीवर आडवा झालेला केसरीनाथ तिला आठवला. तेव्हाही असंच झालं होतं, आत्ता होता आणि आत्ता नाही. तिने यंत्र हलवलं, उंच धरलं. काही नाही. मागे वळून क्षितिजाला हाक मारावी तर हाक कोणाला ऐकू जाणार? तिची नजर सवयीने खाली गेली. आजूबाजूला टाचाच टाचा होत्या. कामगारांच्या रबरी सपाता, बुरख्याखालच्या सँडल, अनवाणी पोरं. कुठल्याही एका टाचेमागे लागलं की झालं. अशीच ती राहनाळला पोचली होती, अशीच दवाखान्यात.

आणि मग कमळने मान वर केली.

असं म्हणतात की माणूस एकाच गावात जन्मभर राहूनही गाव बघत नाही. कमळने त्या दिवशी गल्ली बघितली. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या आणि त्यांत कापसाचा भुगा तरंगत होता, इतका की सगळी हवा चमचमत होती. दोन्हीकडे माग धडधडत होते, शेकडो धागे एकदम वर जात होते, एकदम खाली येत होते, आणि माणसं त्यांच्यामध्ये एखाद्या पूजेला उभी असावीत तशी उभी होती. किती वेळा ती इथून गेली होती! आणि यातलं काही काही तिने पाहिलं नव्हतं. भीती होती, पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी आत आलं होतं.

तेवढ्यात तिला वास आला. पेजेचा. भाताची पेज उतू जाते तसा. सुताला खळ लावतात त्या सायझिंगचा हा वास, तुळजा जीभ चालत होती तेव्हा सदा कुरकुरायची, "बाय, घरात शिजवावं न्हाय लागत, नुसता वास खाऊन पोट भरतंय." म्हणजे सायझिंग तुळजाच्या घराला लागूनच. कमळ एका मागाजवळ गेली. आजवर तिने वाटेवर परक्या माणसाला तोंड उघडून काही विचारलं नव्हतं. ती जोरात ओरडली, "भय्या, ये सायझिंग किधर को है?"

तो हसला, हाताने वळण काढून दाखवलं, आणि कानाशी येऊन म्हणाला, "आगे से दाहिने, अम्मा. चिमनी दिखेगी."

कमळ चालली. मान वर, वास पुढे. वळली. चिमणी दिसली. पत्रे संपले, मोकळं आभाळ आलं, आणि यंत्र हातात थरथरलं. पावलं परत आली असणार हे तिला कळलं. तिने काचेकडे बघितलं नाही. यंत्र कनवटीला खोचलं, वरून हात फिरवला आणि तशीच पुढे गेली. पिवळ्या भिंतीचं घर, दाराशी तुळशीचा डबा. दार उघडंच होतं.

रुचिका "मावशी!" म्हणून ओरडली आणि पाणी आणायला आत पळाली. तुळजा दाराकडे तोंड करून खाटेवर पडली होती. तिने कमळला बघितलं. अर्धं तोंड हललं, डोळे भरून आले. मग ते डोळे कमळच्या खांद्यावरून मागे गेले, रिकाम्या दाराकडे, रिकाम्या गल्लीकडे. तिथे कोणी नव्हतं. तुळजाला ते उमजेना. जड जिभेने तिने जन्मभर घोकलेला प्रश्न जमवला.

"को...ना...संगती?"

कमळ खाटेवर बसली. बहिणीचा गेलेला हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"अर्ध्या वाटंपत्तर तुज्या भावोजींच्या संगती आयले," ती म्हणाली. "म्होरं एकली आयले."

रुचिकाने तांब्या आणून खाटेशी ठेवला होता. तुळजाने आपला चांगला हात लांब केला आणि तो तांब्या हळूहळू ढकलत बहिणीपुढे सरकवला.